जास्वंदीवरचा पिठ्या

"ह्ये काय हाय, ताई?"

"स्पिरिट," सुलभा म्हणाली, आणि म्हणेपर्यंत तिला काहीच वाटलं नव्हतं. डबा, छत्री, कान कोरायच्या कापसाच्या काड्यांचं पाकीट एकेक करून टेबलावर ठेवताना काही वाटलं नाही, तसंच. फाटकावरच्या शंभूने ती लहानशी बाटली उन्हात धरली, हलवली, झाकण न काढताच नाकाशी नेली आणि मग तिच्याकडे असं बघितलं की तिच्या पाठीतून काहीतरी सर्रकन खाली गेलं. "झाडासाठी हो," ती घाईने म्हणाली. "जास्वंदीवर पिठ्या पडलाय ना, तो पांढरा ढेकूण. ब्रशने घासून जात नाही मेला. स्पिरिटचा बोळा लावला की जागच्या जागी मरतो. आमच्या गॅलरीत मी असंच..." "ताई," शंभू म्हणाला, "हितं सेंट चालत न्हाई. खोकल्याचं औषध चालत न्हाई. त्ये तोंडात खुळखुळायचं निळं पानी असतंय, त्ये बी काढून घेतो आमी. आन् तुमी आक्खं स्पिरिट घिऊन आलाय व्हय, दारू सोडायच्या जागी!" त्याला हसू आवरेना. हसता हसताच त्याने बाटली ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली. तोही कधीकाळी इथला पेशंटच होता, बरा झाल्यावर फाटकावर राहिलेला. "म्या पेलेलं हाय ह्ये," तो मोठ्या आपुलकीने म्हणाला. "लिंबू पिळून. लई वंगाळ लागतं."

खरं तर तिलाही हसू यायला हवं होतं. आरोहीला फोन लावून, "अगं, आज तुझ्या आईने काय केलं माहितीये?" असं सांगण्यासारखीच गोष्ट होती ती. पण चुन्याने रंगवलेल्या दगडांमधल्या वाटेवरून आत जाताना तिची पावलं मंदावली. काल संध्याकाळी भूगावच्या मेडिकलमध्ये स्पिरिट मागताना, सकाळी ती बाटली डब्याशेजारी सांडणार नाही अशी उभी बसवताना, पौडपर्यंत बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसताना, आपण हे कुठे घेऊन चाललोय ते डोक्यात एकदाही आलं नाही? एकदाही नाही. ती शपथेवर सांगू शकली असती. आणि तरी शंभूच्या त्या नजरेने आतली एखादी फरशी उचकटावी तसं झालं होतं, आणि फरशीखाली ओलसर, पांढरं, हलतं असं काहीतरी होतं. कारण आज ठरायचं होतं. नवऱ्याचा, दयानंदचा, इथला मुक्काम संपत आला होता, आणि त्याला घरी न्यायचं की पुढचे काही महिने इथेच ठेवायचं हे घरच्यांनी सांगायचं होतं. तेही ऑफिसात, दार लावून नाही. इथली पद्धत अशी की दुपारी सगळे पेशंट आणि त्यांच्या घरचे खुर्च्यांचं रिंगण करून बसतात, झाडाने आज काय शिकवलं ते एकेकाने सांगायचं, आणि ज्यांचं काही ठरायचं असेल त्यांनी तेही तिथेच, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगायचं. आणि नेमकं आजच त्याच्या हाताशी येईल अशी बाटली. तो ती पिऊन पडला असता तर? तर मग काही सांगावंच लागलं नसतं. आपोआप ठरलं असतं. शी, ती मनात म्हणाली, आणि पुन्हा एकदा, शी.

जास्वंदीच्या कुंड्या शेडच्या कडेने मांडलेल्या होत्या. प्रत्येक घराला एक झाड नेमून दिलेलं. एका बाजूला पेशंट, दुसऱ्या बाजूला त्याचं माणूस, मधे साबणाच्या पाण्याचा मग आणि दोन जुने टूथब्रश. औषध फवारायचं नाही. विष आणि पेशंट एका आवारात नकोत हे सुलभालाही पटत होतं. पण जुईली मॅडम, म्हणजे इथली समुपदेशक, आरोहीपेक्षा फार तर दोनतीन वर्षांनी मोठी असेल, ती त्या नियमालाच असं नाव द्यायची की ऐकून दात आंबावेत. 'मातीशी मैत्री.' मैत्री! ज्याने पिठ्या जवळून पाहिला नाही त्यानेच हे म्हणावं. लांबून झाडावर कापूस पिंजून टाकल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की त्या कापसाला पाय फुटतात. पानाच्या मागे, देठाच्या बगलेत, कळीच्या मानेवर एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले ते लिबलिबीत जीव. ब्रश लावला की काही सुटून पाण्यात पडतात, काही चिरडतात आणि फिक्या नारिंगी रंगाचं पाणी बोटावर येतं. सगळं झाड चिकट. त्या चिकटावर काजळी. काजळीवरून मुंग्यांची रांग. पहिल्या रविवारी घरी गेल्यावर सुलभाने तीनदा हात धुतले होते आणि तरी भाताचा घास तोंडाशी नेताना तिला शितं हलल्यासारखी वाटली होती. त्या रात्री ती जेवली नाही. "नको जाऊस मग पुढच्या वेळी," आरोही फोनवर म्हणाली होती. "त्यांचं त्यांना घासू दे." पण ती दर रविवारी येत राहिली, कारण झाडाला तिचं नाव चिकटवलेलं होतं, आणि नेमून दिलेलं काम अर्धवट टाकायचं कसं हे तिला कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

"ये, ये," दयानंद स्टुलावरून म्हणाला. आंघोळ, पावडर, इस्त्रीचा शर्ट. गालांवर मांस आलं होतं. इतका स्वच्छ माणूस बघून कोणाही बाईला बरं वाटलं असतं. "स्पिरिट आणलंस म्हणे?"

"इतक्यात कळलं?"

"इथे दुसरा उद्योग काय आहे लोकांना?" तो हसला. "माझ्यासाठी आणलंस की झाडासाठी?"

"अहो, हळू बोला."

"अगं, गंमत केली. हसायला शिकायचं सुलभा. ज्याला स्वतःवर हसता येतं त्याचा अर्धा आजार तिथेच बरा होतो." एवढं म्हणून त्याने ब्रश उचलला आणि एका पानाची वरची बाजू घासायला घेतली. वरची बाजू. तिथे कधीच काही नसतं. पिठ्या मागे असतो हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं, पण इतके रविवार दयानंद पानं वरून पुसत होता आणि ती मागून. वरून पुसलेली पानं चकाकायची, आणि येताजाता जुईली मॅडम त्याला म्हणायची, "वा काका, काय सुंदर दिसतंय झाड!" आणि तो मान लववून ते घ्यायचा. सुलभाने पाण्याचा मग जवळ ओढला. तोंडाने श्वास घ्यायचा, नाकाने नाही. ही युक्ती झाडासाठी शिकावी लागली नव्हती. ती फार जुनी होती.

पिरंगुटच्या कंपनीत तो सुपरवायझर होता तेव्हा गेटजवळच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचं काम त्याच्याकडे होतं. कोणी दिलं नव्हतं, त्यानेच घेतलं होतं. अक्षर सुरेख. कुठल्या पुस्तकातनं उतरवायचा नाही, स्वतः करायचा. पहाटे दाढी करताना आरशात बघून पुटपुटायचा आणि एखादं जमलं की साबणाच्या तोंडाने स्वयंपाकघरात येऊन ऐकवायचा. तिला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोला. पुढे पुढे रात्री त्याला बसस्टॉपवरून, गॅरेजच्या दारातून, एकदा तर सोसायटीच्या पंपाच्या खोलीतून उचलून आणावं लागायला लागलं, तेव्हाही सकाळी त्याचा सुविचार तयार असायचा. "जमिनीवर झोपल्याशिवाय आभाळाची उंची कळत नाही," असं एकदा तो म्हणाला होता, आणि त्या वेळी ती गुडघ्यांवर बसून पलंगाखालची त्याची ओकारी खरवडत होती. वर फिनेल, खाली आंबूस दही झालेलं, भाताची शितं तशीच्या तशी. तिने वर बघितलं होतं. त्याचा चेहरा भाबडा होता, स्वतःच्या वाक्यावर खूश होता. त्या क्षणी तिच्या मनात तो 'ते' चा 'तो' झाला. तोंडाने ती अजूनही अहोजाहोच करायची. आत मात्र तेव्हापासून एकेरीच.

तरी मधेच भलतंच आठवायचं. आरोही पोटात असताना तिला स्वतःचे पाय दिसेनासे झाले होते, आणि एका दुपारी दयानंद नेलकटर घेऊन तिच्या पायाशी बसला होता. एकेक बोट धरून नखं कापली, कडा घासल्या, कापलेले तुकडे कागदात गोळा केले. एक अक्षर बोलला नाही. तिला नंतर कित्येकदा वाटायचं की त्या दिवशी त्याने एखादं वाक्य टाकलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे त्या दुपारचाही तिला वीट आला असता आणि सगळंच एका हिशेबात बसलं असतं.

"ताई, तुमच्या झाडाला कळी तरी आलीय," शेजारच्या कुंडीवरून गुलशन म्हणाली. पौडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान असलेल्या कमरुद्दीनची ती बायको. तोंडाला ओढणी बांधून ब्रश असा चालवायची की जणू नवऱ्याचेच दात घासतेय. "आमच्याकडं बघा. गेल्या रविवारी चकचकीत केलं होतं. आज पुन्हा तेच. तोबा!"

"मुंग्या आणतात ना त्यांना," सुलभा म्हणाली. "सांगितलं होतं की मॅडमनी."

"मुंग्यांना काय एवढं पडलंय?"

"पिठ्याच्या अंगातून गोड पाणी गळतं. ते पिऊन त्या जगतात. म्हणून पडला तर उचलून वर नेऊन बसवतात, दुसरं कोणी खायला आलं तर त्याला चावतात. पोसतात म्हणा ना."

"म्हणजे आपल्यासारख्याच की हो!" गुलशन खो खो हसली, आणि तिच्या पलीकडून कमरुद्दीन म्हणाला, "ऐकतोय मी." "ऐका, ऐका. कान तरी शाबूत हायेत तुमचे," गुलशन म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. तिच्यापुरता तो विनोद तिथे संपला. सुलभाचा ब्रश मात्र थांबला होता. एक मुंगी तिच्या डोळ्यांदेखत सुटलेल्या पिठ्याला ढोसत, ओढत देठावरून वर चालली होती. किती वर्षं? पहाटे गरम पाणी, लिंबूसरबत, इस्त्रीचा शर्ट, कंपनीच्या बसपर्यंत सोबत. "त्यांना ताप आहे हो साहेब." सोसायटीत कोणी काही बोललं की त्यावर तुटून पडायचं. उचलायचं आणि पुन्हा फांदीवर नेऊन बसवायचं. आणि गोड? ते तर होतंच. लग्नाकार्यात जावा-नणंदा हात हातात घेऊन म्हणायच्या, "सुलभा म्हणून निभावलं, दुसरी कोणी असती तर," आणि ते वाक्य पुरं होऊ न देता ती मान हलवायची, पण ते ऐकायला पुढच्या कार्याला आवर्जून जायची. भाच्याच्या मुंजीत तर तिने मुद्दामच जुनी साडी नेसली होती. तिला आत्ता त्या साडीचा रंगसुद्धा आठवला आणि स्वतःची किळस आली. पण त्याहूनही शिसारी दुसऱ्याच गोष्टीची आली: तिला धडा सापडला होता. झाडाकडे बघून, ब्रश हातात धरून, तिनेसुद्धा एक सुविचार केला होता. हा रोग त्याचा, आणि तो तिलाही लागला होता. रिंगणात सांगितला असता तर टाळ्या पडल्या असत्या. तिने त्या मुंगीला फुंकर मारून पाडलं आणि पुढचं पान उलटं केलं.

शेडच्या पलीकडे उतारावर कोणाची तरी भातखाचरं होती. भात निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या, आणि वाऱ्याची झुळूक आली की आंबेमोहोराचा वास थेट कुंड्यांपर्यंत यायचा. एरवी या वासाने तिला भूक लागायची. आज तो वास, साबण आणि पिठ्याचा चिकट दर्प एकात एक मिसळून एक भलतीच गोडूस घाण तयार झाली होती. ती आरोहीचा विचार करायला लागली, कारण तिला काहीतरी कोरडं, स्वच्छ हवं होतं. आरोही हिंजवडीला नोकरीला लागल्यावर मारुंजीत खोली घेऊन राहिली होती. ऑफिस जवळ पडतं, असं सांगायची. भूगावहूनही रोज जाणारी पोरं होतीच की. दयानंद इथे आल्यावर पंधरवड्यात ती बॅग घेऊन घरी आली. कोणी बोलावलं नव्हतं. रविवारी दहापर्यंत लोळते, केसांना तेल लावून घेते, फ्रिज उघडून उभ्या उभ्या खाते. रात्री खोलीची कडी आता लावत नाही. ही कडीची गोष्ट सुलभाच्या लक्षात यायलाच महिना गेला, आणि लक्षात आल्यावर ती बाथरूमचा नळ सोडून रडली होती. काल जेवताना आरोही ताटातून मान वर न करता म्हणाली होती, "ते आले की मी जाईन हं आई मारुंजीला. रागावून नाही. नुसतं सांगून ठेवते. तू तुझं ठरव." आणि लोणच्याची बरणी पुढे सरकवली होती.

दुपारी रिंगण बसलं. जुईली मॅडमने हात जोडले, डोळे मिटले, उघडले. "तर आज आपल्या झाडाने आपल्याला काय दिलं?" एकेकजण सांगायला लागला. संयम दिला. सातत्य दिलं. कोणी म्हणालं, मुळं दिसत नाहीत पण असतात. प्रत्येकाच्या मागून दोन टाळ्या, सगळ्यांनी एकदम वाजवायच्या. गुलशन म्हणाली, "पाठ धरली, दुसरं काय," त्यालाही दोन टाळ्या. मग दयानंद उठला. बाकीचे बसून बोलले होते. तो उठला, शर्ट खाली ओढला.

"मित्रहो, माझ्या मिसेसने आज इथे स्पिरिटची बाटली आणली." हशा झाला. त्याने तो होऊ दिला, नेमका पुरेसा. "हसा. मीही हसलो. पण मग विचार केला. ज्या बाईने वर्षानुवर्षं कपाटं हुंगली, गाद्या उलट्या केल्या, ती आज माझ्याकडे येताना बाटली घेऊन आली आणि तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही. याचा अर्थ काय? तिच्या मनातला संशय मेला! झाडाने मला आज हे शिकवलं, की कीड गेली की विश्वासाची पालवी आपोआप फुटते." दोन टाळ्या पडल्या, आणि मग नियम मोडून आणखी कितीतरी. जुईली मॅडमचे डोळे भरून आले होते. कोणाची तरी म्हातारी आई पदर डोळ्यांना लावत होती. दयानंद खाली बसला आणि त्याने सुलभाकडे दाढीच्या साबणातून बघायचा तसंच बघितलं. जमलं ना?

तिच्या अंगावरून काहीतरी चालत गेलं. सकाळपासून जिच्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती ती फरशीखालची जागा, तिचं एकटीचं ते ओलं, घाण, नाव नसलेलं, ते त्याने उचललं होतं, वरून पुसलं होतं आणि चकाकी आणून लोकांना दाखवलं होतं. ते तिचं होतं. वाईट असेल, पण तिचं होतं.

"काकू?" जुईली मॅडम हळूच म्हणाली. "तुम्ही?"

सुलभा उठली नाही. "मला झाडाने काही शिकवलं नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच साधा निघाला. "मला किळस आली. पहिल्या दिवशी आली होती तेवढीच आजही आली. आणि ती बाटली मी विश्वासाने आणली नाही. कशाने आणली ते मला ठाऊक नाही. पण विश्वासाने नाही." कोणीतरी खोकलं. "आणि मी यांना घरी नेणार नाही. मुलगी घरी आलीय माझी."

टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते कोणालाच कळेना. एकदोघांचे हात उचलले गेले आणि तसेच मांडीवर परत आले. "ठीक आहे काकू," जुईली मॅडम सावरून म्हणाली. "म्हणजे आपण याला असं म्हणूया का, की तुम्ही आज स्वतःसाठी एक..." "नको," सुलभा म्हणाली. "तुम्ही गुणी मुलगी आहात. पण याला काही म्हणू नका." गुलशनने तिच्याकडे न बघता आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला, ओला, साबणाने सुरकुतलेला.

मग तिने दयानंदकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल, निदान त्याचे ओठ हलायला लागतील, याची तिने तयारी ठेवली होती. त्याचा चेहरा पडला होता, पण अपमानाने पडतो तसा नाही. डोक्यावरचा बोजा कोणीतरी उतरवून घेतल्यावर मानेसकट सगळं खाली येतं तसा. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. तिने ते ओळखलं, कारण तिचेही खांदे त्याच क्षणी उतरले होते. आपण दोघंही सकाळपासून एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो, हे कळून तिला त्याची कीव आली, आणि संतापही आला, आणि कुठला आधी आला ते वेगळं करता येईना.

चहा आला, रिंगण मोडलं, लोक चपला शोधायला लागले. दयानंद कप न घेताच जास्वंदीपाशी जाऊन स्टुलावर बसला. ती थोड्या वेळाने तिकडे गेली, कारण मग आणि ब्रश धुऊन ठेवायचे होते. तो पानाची मागची बाजू बघत होता.

"पौडच्या स्टॉपसमोर दारूचं दुकान आहे," तो म्हणाला. "हिरवी पाटी. दुकान आणि कटिंगवाला यांच्यामध्ये एक बोळ आहे, तिथे उभं राहिलं की रस्त्यावरून दिसत नाही. येताना गाडीतून बघून ठेवलं होतं." त्याने घसा साफ केला. तिने थांबून बघितलं, पण त्या बोलण्याला सुविचाराचं कुठलंही शेपूट फुटलं नाही.

"मलाही माहितीये ते दुकान," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. त्याच्या कॉलरच्या वर, कानामागे, जिथे पावडर पोचली नव्हती, तिथे एक पिठ्या चढत होता. आपल्या अंगावर काय आहे याचा त्याला पत्ता नव्हता. सुलभाने हात पुढे केला आणि अंगठ्याने तो तिथेच दाबला. बारीकसा लिबलिबीत आवाज झाला, किंवा झाल्यासारखं वाटलं. त्याच्या कातडीवर नारिंगी डाग उमटला. तो दचकला नाही, वळलाही नाही. मान थोडी वाकवून, तिला नीट दिसावं म्हणून, तसाच बसून राहिला. तिने डाग पदराने पुसला. अंगठा चिकट झाला होता. नळ चार पावलांवर होता. ती लगेच तिकडे गेली नाही.